हॅम-चीज स्लायडर: तळ ओला, माथा करपलेला, मधला भाग गार. कारणं आणि उपाय

स्लायडर म्हणजे छोट्या रोलांच्या जोडलेल्या लादीत हॅम (डुकराचं खारवून शिजवलेलं मांस) आणि चीज भरून भाजलेली छोटी सँडविचं. ट्रे ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा वरून सगळं झकास दिसतं. रोल तांबूस झालेले असतात, बटर चमकत असतं, कडेनं चीज डोकावत असतं. पहिला रोल उचलला की तळ ट्रेलाच चिकटून राहतो आणि बोटांना लगदा लागतो. नाहीतर कडेचे रोल काळे पडायला लागलेले आणि मधल्या दोन रोलांतलं चीज अजून जसंच्या तसं, ताठ. घरी चौघांसाठी एक लादी केली तर हे खपून जातं. ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकानं एक पदार्थ आणायच्या जेवणाला) किंवा मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमाला शंभर-सव्वाशे रोल न्यायचे असतील, तर हीच चूक दहा पटीनं समोर येते.

या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी मूळ बहुतेक वेळा दोनच असतात: हॅममधलं पाणी आणि फ्रीजमधला गारवा. ओव्हनचं तापमान वाढवून यातली एकही तक्रार सुटत नाही, उलट माथा लवकर करपतो आणि तळ ओलाच राहतो.

आधी प्रमाण

प्रमाणच चुकलेलं असेल तर पुढचे उपाय लागू पडणार नाहीत, म्हणून ते आधी जुळवून घ्या. अमेरिकेत मिळणाऱ्या 12 गोड हवाईयन रोलच्या एका लादीसाठी (सुमारे 340 ग्रॅम ब्रेड):

हॅम 340 ते 400 ग्रॅम, पातळ कापलेलं. स्विस चीज 200 ते 225 ग्रॅम, म्हणजे 8 ते 10 स्लाइस. बिनमिठाचं बटर 4 टेबलस्पून, म्हणजे अर्धी स्टिक. डिजाँ मोहरी 2 टीस्पून, खसखस 2 टीस्पून, वाळवलेल्या कांद्याचे बारीक कण दीड टीस्पून, वूस्टरशायर सॉस अर्धा टीस्पून.

बिनमिठाचं बटर हवं, कारण हॅम, चीज, मोहरी आणि वूस्टरशायर या चौघांतही मीठ असतं. मिठाचं बटर वापरलं तर खाणारा दुसरा रोल घेत नाही.

बाजूला इतर पदार्थ असतील तर माणशी अडीच रोल धरावेत. 50 माणसांना 125 रोल लागतात. दहा लाद्यांचे 120 होतात आणि तेवढे पुरतात. त्याला साडेतीन ते चार किलो हॅम, सव्वादोन किलोपर्यंत चीज आणि बटरच्या 5 स्टिक लागतात. हेच मुख्य जेवण असेल तर माणशी चार धरा.

तळ ओला होतो

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, म्हणून इथे जरा थांबू. तळात पाणी तीन वाटांनी येतं आणि तिन्ही वाटा एकदम बंद कराव्या लागतात. एकच बंद केली तर फरक जाणवत नाही आणि मग माणूस ‘उपाय चालत नाही’ म्हणून सोडून देतो.

पहिली वाट हॅमची. अमेरिकेत हॅमच्या पाकिटावर काय लिहायचं, हे त्यातल्या प्रथिनाच्या प्रमाणावर ठरतं. चरबी वगळून उरलेल्या मांसात किमान 20.5 टक्के प्रथिन असेल तर नुसतं ‘हॅम’ लिहिता येतं. किमान 18.5 टक्के असेल तर ‘हॅम विथ नॅचरल ज्यूसेस’, किमान 17 टक्के असेल तर ‘हॅम, वॉटर अ‍ॅडेड’. त्याहून कमी असेल तर ते ‘हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट’ आणि त्यावर किती टक्के भर घातली आहे तेही छापावं लागतं. स्वस्त मोठी पाकिटं बहुधा या शेवटच्या दोन गटांतली असतात. गार असताना हे पाणी मांसात धरलेलं असतं. गरम झालं की सुटतं आणि खालच्या ब्रेडमध्ये उतरतं. स्लायडरसाठी पहिल्या दोन गटांतलंच हॅम घ्या. किलोमागे जास्त पैसे जातात हे खरं, पण त्यात वजन मांसाचं असतं.

पाकिटावरचं लेबल हाताशी नसेल, डेली काउंटरवरून (दुकानात थंड मांस हवं तसं कापून देतात तिथून) कापून आणलं असेल, तर तपासणी सोपी आहे. दोन स्लाइस कोरड्या कागदी टॉवेलमध्ये ठेवून तळहातानं दाबा. टॉवेलवर नुसते डाग पडले तर हॅम चालेल. टॉवेल आरपार भिजला तर वाळवायलाच हवं. वाळवायचं म्हणजे स्लाइस सुट्या करून, खाली-वर टॉवेल घालून, पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि काढताना वरून एकदा दाबून घ्यायच्या.

हॅम फारच ओलं असेल तर टॉवेल पुरत नाही. तेव्हा जाड तवा चांगला तापवून, तेल न घालता, स्लाइस अर्धा-अर्धा मिनिट परतून घ्या. पाणी उडतं, कडा किंचित तांबूस होतात आणि चवही वाढते. चार किलो हॅम तव्यावर करत बसणं शक्य नसतं. त्यासाठी मोठ्या ट्रेवर हॅम सैल पसरून 400 अंश फॅरनहाइटला (सुमारे 205 सेल्सिअस) पाच मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी ओतून टाका. एक अट मात्र पाळा: असं गरम हॅम भरायचं असेल तर सँडविच लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. गरम हॅम भरून लादी झाकून ठेवली तर त्याची वाफ ब्रेडमध्येच मुरते. नंतर भाजायचं असेल तर हॅम लगेच उथळ पसरून फ्रीजमध्ये गार करा आणि मगच भरा.

दुसरी वाट वरून ओतलेल्या बटरची. बऱ्याच कृतींत एका लादीवर आख्खी स्टिक बटर ओतायला सांगतात. 113 ग्रॅम बटरमध्ये सुमारे 18 ग्रॅम पाणी असतं. एवढं सगळं रोलच्या माथ्यावर मावत नाही. ते फटींतून आणि कडेनं खाली जातं आणि ट्रेच्या तळाशी तळं साचतं. मग खालचा ब्रेड अर्धा तळला जातो, अर्धा भिजतो. अर्धी स्टिक पुरते, आणि ती ओतायची नाही, ब्रशनं लावायची. दोन तृतीयांश भाजण्याआधी माथ्यावर, उरलेलं ट्रे बाहेर काढल्यावर. मोहरी आणि कांद्याचे कण पातेल्याच्या तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी ब्रश बुडवताना ढवळा. नाहीतर पहिल्या लादीवर नुसतं बटर जातं आणि शेवटच्या लादीवर नुसती मोहरी.

काही जण आदल्या रात्री बटर ओतून लादी फ्रीजमध्ये मुरवतात. त्यानं रोल आतून बटरानं भरतो आणि ती चव ज्यांना आवडते त्यांना फारच आवडते. ते मुद्दाम करायचं असेल तर करा, पण मग तळ कोरडा राहील ही अपेक्षा सोडा आणि काट्या-चमच्यानं खायची सोय ठेवा. हातात धरून, उभ्यानं खायच्या कार्यक्रमाला ही पद्धत नको.

तिसरी वाट वाफेची. खोल, पातळ ॲल्युमिनियमचा वापरून टाकायचा ट्रे, वर घट्ट फॉइल, आत गार सँडविच. सुटलेली वाफ फॉइलला लागून थेंब होते आणि परत खाली पडते. उपाय म्हणजे उथळ, जाड ट्रे. 18 बाय 13 इंचाच्या हाफ शीट ट्रेमध्ये दोन लाद्या मध्ये बोटभर जागा सोडून नीट बसतात आणि कडा बुटक्या असल्यामुळे वाफ निघून जाते. वापरून टाकायचेच ट्रे न्यायचे असतील तर जाड शीट ट्रे ओव्हनमध्ये आधी तापवून त्यावर ते ठेवा, म्हणजे तळाला थेट उष्णता मिळते. ट्रेमध्ये पार्चमेंट पेपर घाला. फॉइल घातलं तर चीज चिकटतं आणि ओढताना तळ फाटतो.

आता बांध घालायचा. लादी आडवी कापली की खालचा अर्धा भाग, कापलेली बाजू वर ठेवून, 350 अंश फॅरनहाइटला (177 सेल्सिअस) पाच मिनिटं भाजा. हात लावल्यावर पृष्ठभाग कोरडा, किंचित खरखरीत लागला पाहिजे; रंग यायची गरज नाही. लगेच त्यावर साजूक तुपाचा पातळ हात फिरवा, एका लादीला दोन टीस्पून. इथे बटरपेक्षा तूप सरस ठरतं, कारण तुपात पाणी जवळजवळ नसतंच. त्यावर चीज, मग हॅम, परत चीज, मग वरचा अर्धा भाग. खालचं चीज हा दुसरा बांध. हॅम थेट ब्रेडवर कधी ठेवू नका. निम्मं चीज खाली आणि निम्मं वर वापरल्यानं चीज जास्त लागत नाही, फक्त जागा बदलते.

मोहरी आतल्या ब्रेडला लावायची सवय असेल तर ती वरच्या अर्ध्याला लावा, खालच्याला नाही. टोमॅटो, ताजा कांदा, डब्यातलं अननस हे आत घालून भाजायचं म्हणजे पाण्याचा चौथा नळ सोडणं. अननस हवंच असेल तर बाजूला ठेवा.

माथा करपतो, आत गार राहतं

हवाईयन रोल साधा ब्रेड नाही. पोर्तुगीज स्थलांतरितांनी हवाईत नेलेल्या गोड ब्रेडच्या घराण्यातला तो आहे. रॉबर्ट तायरा यांनी 1950 मध्ये हिलो इथे बेकरी काढली, तिथून या ब्रेडची सुरुवात झाली आणि 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये कारखाना आल्यावर तो मुख्य भूमीवर सगळीकडे पोहोचला. पिठात साखर, दूध, अंडं आणि बटर असल्यामुळे माथा साध्या पावापेक्षा फार लवकर लाल होतो. त्यात वरून बटरमध्ये मध किंवा ब्राऊन शुगर घातली की शेवटच्या पाच मिनिटांत तांबूस ते काळा असा प्रवास होतो. गोड रोलवर आणखी गोड लावू नका. साखर हवीच असेल तर शेवटच्या ब्रशात घाला.

दुसरीकडे आतला ऐवज फ्रीजमधला, म्हणजे 40 अंश फॅरनहाइटच्या (4 सेल्सिअस) आसपास. थंड हॅमची आणि चीजची जाड चळत, वरून आणि खालून मऊ ब्रेडची गादी. ब्रेड उष्णता फार हळू आत जाऊ देतो. त्यामुळे माथा तयार होतो त्या वेळी मध्यभाग जेमतेम कोमट असतो.

यावर भाजणी दोन टप्प्यांत करायची. ओव्हन 350 अंश फॅरनहाइट, जाळी मधल्या खाचेत. लादी फॉइलनं तंबूसारखी सैल झाका, फॉइल माथ्याला टेकता कामा नये, नाहीतर खसखस आणि बटर त्यालाच निघून येतं. झाकून 15 मिनिटं. आतलं तापमान बघा. मग फॉइल काढून 5 ते 7 मिनिटं, माथ्यावर नजर ठेवून. सँडविच रात्रभर फ्रीजमध्ये असेल तर झाकलेला टप्पा 22 ते 25 मिनिटांचा करा, तापमान तेच ठेवून. पंख्याचा ओव्हन असेल तर 25 अंश फॅरनहाइट कमी आणि फॉइलच्या कडा ट्रेखाली दुमडलेल्या, कारण पंखा ते उडवतो.

हॅमची जाडी हाही मुद्दा आहे. पाच-सहा स्लाइस एकावर एक सपाट रचल्या की त्यांचा ठोकळा होतो आणि त्याच्या पोटात उष्णता पोहोचायला वेळ लागतो. स्लाइस सैल, घड्या घालून पसरा आणि हॅम-चीजचा एकूण थर दीड सेंटिमीटरच्या आत ठेवा. जास्त हॅम खाऊ घालायचं असेल तर रोल वाढवा, थर वाढवू नका.

तापमान डोळ्यांनी ठरवू नका, सुईचा थर्मामीटर लागतोच. सुई लादीच्या मधल्या रोलमध्ये, कडेनं आडवी, हॅमच्या थरात घाला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार कारखान्यात सीलबंद झालेलं शिजवलेलं हॅम गरम करताना 140 अंश फॅरनहाइट (60 सेल्सिअस) पुरतं. डेली काउंटरवर कापून दिलेलं किंवा घरी पुन्हा बांधलेलं असेल तर 165 अंश (74 सेल्सिअस). गर्दीसाठी करताना सरसकट 165 धरा. जमलेल्यांत गरोदर बाया आणि वयस्कर माणसं असतात, आणि कापलेल्या थंड मांसातल्या लिस्टेरिया या जिवाणूचा धोका त्यांनाच जास्त. 165 गाठायला झाकलेल्या टप्प्यात पाच-सात मिनिटं जास्त लागतात. झाकण असल्यामुळे माथ्याला काही होत नाही.

एका वेळी किती ट्रे? दोन. तीन जाळ्यांवर तीन ट्रे घातले की हवा फिरत नाही, मधला ट्रे वाफाळतो आणि वरचा करपतो. दोन ट्रे असतील तर फॉइल काढताना वरचा खाली, खालचा वर आणि पुढची बाजू मागे करा. भरलेल्या ओव्हनला तापमान परत धरायला वेळ लागतो, म्हणून एका ट्रेच्या वेळात पाच मिनिटं वाढवा. दोन ट्रेंत चार लाद्या म्हणजे 48 रोल, तेव्हा दहा लाद्यांना तीन घाणे लागतात. प्रत्येक घाण्याला अर्धा तास धरून पावणेदोन तास आधी पहिला आत गेला पाहिजे. सगळे एकदम करून ठेवण्यापेक्षा पहिला घाणा मांडल्यावर दुसरा ओव्हनमधून निघेल असा ताल ठेवा. शेवटच्या माणसालाही गरम मिळतं.

चीज वितळत नाही, किंवा तेल सोडतं

वितळत नसेल आणि आतलं तापमान बरोबर असेल, तर दोष चीजचा आहे. कमी चरबीचं चीज गरम झालं तरी रबरासारखं ताठ राहतं. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, ते सँडविचमध्ये एकजीव होत नाही. स्लाइसच घ्या.

तेल सुटत असेल तर बहुधा जुनं, मुरलेलं चेडर आहे किंवा ट्रे फार वेळ गरम ठेवला आहे. मुरलेल्या चीजमधली प्रथिनं तुटलेली असतात, ती चरबी धरून ठेवू शकत नाहीत. साधं स्विस आणि प्रोव्होलोन भरवशाचे आहेत. ग्रुयेर उत्तम, पण शंभर रोलांना ते खिशाला जड. ट्रे अर्धा तास तरी टेबलावर राहणार असेल तर वरच्या थरात स्विसबरोबर अमेरिकन प्रोसेस्ड चीजच्या 3-4 स्लाइस घाला. त्यातल्या क्षारांमुळे चरबी वेगळी होत नाही आणि गार झाल्यावरही थर मऊ राहतो. चवीला ते स्विसच्या जवळही जात नाही, म्हणून सगळं चीज बदलू नका.

सरकतात, फाटतात, हॅम ओढून बाहेर येतं

रोल सुटे करून एकेक भरायचे नाहीत. आख्खी लादी आडवी कापा. ताजी मऊ लादी सुरीखाली दबते आणि काप वेडावाकडा जातो. आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की सरळ जातो. दातेरी, निदान 8 इंची सुरी घ्या, एक तळहात वर हलका टेकवून, चारी बाजूंनी फिरत आत या. काप मध्यापेक्षा किंचित वर घ्या, म्हणजे खालचा भाग जाड राहतो. वजन आणि ओल दोन्ही त्याला पेलायचे आहेत.

खाताना आख्खी स्लाइस दातांबरोबर ओढली जाते, कारण ती तीन रोलांवर सलग पसरलेली असते. भरताना हॅमचे रोलएवढे तुकडे करून घ्या, किंवा ढीग करून सुरीनं ढोबळ आडवे-उभे काप द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटं थांबा. या वेळात चीज थोडं घट्ट होतं. मग सांध्यांवर सुरी ठेवून सरळ खाली दाबा, करवतीसारखी ओढू नका. दर दोन-तीन कापांनी सुरी पुसा.

वरचं बटर कडू लागतं

कारण बहुतेक वेळा वाळवलेला कांदा. कोरडे कण माथ्यावर थेट करपतात. कोमट बटरमध्ये ते दहा मिनिटं भिजू द्या, मग लावा. तरीही कडू असेल तर खसखस हुंगून बघा. तिच्यात तेल असतं आणि ती खवट होते. वर्षभर कपाटात पडलेली टाकून द्या, नवी आणली की फ्रीझरमध्ये ठेवा. अमेरिकन कृतींतली खसखस निळसर काळी असते. अनारशाची पांढरी खसखस चवीला चालते, फक्त दिसत नाही. तीळही चालतात.

आदल्या दिवशीची तयारी आणि वाहतूक

आदल्या दिवशी लादी भरून, बटर न लावता, घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवता येते. त्यासाठी खालचा भाग भाजून, तूप लावून, पूर्ण गार करून मगच भरा. बटर-मोहरीचं मिश्रण वेगळं ठेवा, दुसऱ्या दिवशी कोमट करून लावा. फ्रीझरमध्येही अशीच ठेवता येते. ती आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून सोडवा. गोठलेली थेट ओव्हनमध्ये गेली तर माथा संपतो आणि मध्ये बर्फ राहतो.

भाजून न्यायचं असेल तर प्रवासातली वाफ हा शत्रू. पोळ्यांच्या डब्यात तळाला आणि वर कापड घालतो, तसंच इथे करा: ट्रेवर स्वच्छ सुती पंचा किंवा कागदी टॉवेल, त्यावर फॉइल. थेंब कापडात जिरतात. बर्फ न घातलेल्या कूलर बॉक्समध्ये तळाला टॉवेल घालून ट्रे ठेवला तर पाऊण तासाचा रस्ता निभतो. जिथे जायचं तिथे ओव्हन असेल तर घरी फक्त झाकलेला टप्पा करा आणि उघडा टप्पा तिथे. चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मात्र मध्ये फार वेळ जाता कामा नये, आणि तिथे परत 165 अंश बघायचेच.

गरम ठेवायचं तर 200 अंश फॅरनहाइटच्या (93 सेल्सिअस) ओव्हनमध्ये सैल झाकून अर्धा तास. त्याहून जास्त ठेवलं तर चीज चिवट होतं. टेबलावर उघडे ठेवलेले रोल दोन तासांत संपले पाहिजेत किंवा फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. उन्हाळ्यात बाहेर, 90 अंश फॅरनहाइटच्या (32 सेल्सिअस) वर, हीच मुदत एक तासाची.

डुकराचं मांस न खाणारे पाहुणे असतीलच. त्यांच्यासाठी टर्कीची किंवा बिनमांसाची लादी वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या सुरीनं, आणि शक्यतो आधीच्या घाण्यात भाजा, म्हणजे हॅमचे थेंब त्यावर पडणार नाहीत. बटर-मोहरीचं भांडं आणि ब्रशही वेगळे. शाकाहाऱ्यांच्या मिश्रणात वूस्टरशायर घालू नका, त्यात अँकोव्ही मासे असतात. चीज करताना दूध साकळवायला घातलेलं रेनेट प्राणिज आहे का तेही पाकिटावर बघा. ट्रेवर ठळक चिठ्ठी लावा. तोंडी सांगितलेलं गर्दीत राहत नाही.

मुंबई, पुणे, गोव्यात लादी पावावर करताना

आपला लादी पाव या कामाला फार चांगला आहे. तो जोडलेलाच येतो आणि गोड नसल्यामुळे करपण्याची घाई करत नाही. पण तो हवाईयन रोलपेक्षा कोरडा आणि जाळीदार असतो, त्यामुळे बटर पटकन शोषतो. इथे बटर थोडं वाढवायला हरकत नाही, आणि त्यात अर्धा टीस्पून साखर घातली तर रंग चांगला येतो. ताजा, नुकताच भाजलेला पाव कापताना चुरतो. सकाळचा संध्याकाळी वापरा.

कोल्ड स्टोरेजमधल्या (थंड मांस विकणाऱ्या दुकानातल्या) हॅमच्या पाकिटात अनेकदा तळाशी पाणी साचलेलं दिसतं. ते टाकून द्या आणि वरची तव्याची पद्धत न चुकता करा. प्रोसेस्ड चीजच्या स्लाइस मऊ होतात पण तार सुटत नाही. तार हवी असेल तर सोबत मोझरेला किसून घाला, आणि ते पाण्यातलं ताजं मोझरेला नको.

ओटीजीत (छोट्या ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) तक्रार उलटी येते. खालची सळई तळाच्या फार जवळ असते, म्हणून तळ करपतो. जाळी मधोमध ठेवा, ट्रेखाली दुसरा रिकामा ट्रे घाला, 180 सेल्सिअसला झाकून 12 मिनिटं फक्त खालची-वरची सळई, पंखा बंद. नंतर फॉइल काढून 4-5 मिनिटं. छोट्या ओटीजीत एका वेळी एकच लादी, आणि दोन लाद्यांच्या मध्ये पाच मिनिटं ओव्हन परत तापू द्या.

उरलेले रोल मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ब्रेड चामड्यासारखा होतो. तव्यावर मंद आचेवर, तळ खाली ठेवून, वर झाकण घालून पाच-सहा मिनिटं द्या, आणि शेवटचा एक मिनिट झाकण काढून. फ्रीजमध्ये ते तीन ते चार दिवस टिकतात.